तळघरातले तपासनीस
यूसी आडलर-ओल्सन यांच्या ‘डिपार्टमेंट क्यू’ मालिकेची प्रस्तावना

खून कोणी केला, या प्रश्नाभोवती रहस्यकथा फिरते आणि शेवटच्या प्रकरणात उत्तर मिळालं की वाचक पुस्तक मिटतो. डॅनिश लेखक यूसी आडलर-ओल्सन यांच्या कादंबऱ्यांत हा प्रश्न बऱ्याचदा फार लवकर निकालात निघतो. खुनी आपल्यासमोर येऊन बसतो, स्वतःची हकिकत सांगतो, तयारी दाखवतो. पुढची तीन-चारशे पानं एका वेगळ्याच अडचणीत जातात. या माणसाची तक्रार खरी आहे, त्याच्यावर झालेला अन्याय खरा आहे, दाद मागायला तो गेला तेव्हा दार बंद झालं हेही खरं आहे. मग त्याला पकडणारे नेमके कोणाच्या बाजूने उभे आहेत?

‘डिपार्टमेंट क्यू’ ही मालिका २००७ साली सुरू झाली आणि २०२३ साली दहाव्या पुस्तकाने पूर्ण झाली. तिच्यावर आधी डॅनिश चित्रपट निघाले आणि २०२५ मध्ये कथा एडिंबरोला नेऊन नेटफ्लिक्सने मालिका केली. पडद्यावरून या नावाची ओळख झालेले मराठी प्रेक्षक आता बरेच आहेत. त्यांना मूळ पुस्तकांकडे आणावं, हा या लेखनाचा हेतू.

कोपनहेगनचं पोलीस मुख्यालय ही १९२४ साली पूर्ण झालेली, बाहेरून करडी आणि कठोर दिसणारी इमारत. आत शिरलं की खांबांनी वेढलेलं गोल अंगण आहे. आडलर-ओल्सन यांनी आपला विभाग याच इमारतीच्या तळघरात बसवला. त्याची स्थापना कशी होते ते पाहण्यासारखं आहे. जुन्या, न सुटलेल्या प्रकरणांचा तपास व्हावा म्हणून संसद पैसे मंजूर करते. ते पैसे वरच्या मजल्यावरचे अधिकारी खुनाच्या तपासाकडे वळवतात आणि कागदोपत्री विभाग दिसावा म्हणून कोणाला नकोसा झालेला एक माणूस खाली पाठवतात. त्याचं नाव कार्ल मोर्क. सरकारी कचेरीशी ज्याचा कधी संबंध आला आहे, अशा मराठी वाचकाला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. एखादा अधिकारी डोईजड झाला की त्याला बढती देऊन अडगळीत टाकायचं, ही रीत आपल्याकडेही जुनी आहे.

कार्ल नकोसा का झाला? आमागेर भागात एका खुनाच्या जागी तो आणि त्याचे दोन सहकारी गेले असताना त्यांच्यावर गोळीबार झाला. अँकर जागीच मेला. हार्डी मानेपासून खाली लुळा पडला. कार्लच्या कानशिलाला गोळी चाटून गेली, आणि त्याने आपलं पिस्तूल बाहेरच काढलं नव्हतं. हे तो स्वतः कधी विसरत नाही आणि लेखकही वाचकाला विसरू देत नाही. पुढे हार्डीचा पलंग कार्लच्या घरातल्या बैठकीच्या खोलीत येतो. कामावरून परतलेल्या कार्लला रोज संध्याकाळी त्या पलंगाजवळून जावं लागतं. हार्डी शुद्धीवर आहे, हुशार आहे, प्रकरणांवर मतं देतो. फक्त हलू शकत नाही. तपासनिसाच्या मनातली अपराधाची भावना दाखवायला दारूची बाटली आणि पावसातली खिडकी हे ठरलेले मार्ग आहेत. इथे ती घरात राहायला आली आहे. तिला भरवावं लागतं, तिची कूस बदलावी लागते. मालिकेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी कल्पना हीच आहे.

असद येतो तो झाडलोट आणि वरकामासाठी. मध्यपूर्वेतून आलेला, कागदपत्रांवर एक इतिहास आणि अंगावरच्या खुणांमध्ये दुसराच. तळघरातल्या चिंचोळ्या खोलीत तो नमाजाची चटई अंथरतो, ओठ चिकटतील इतका गोड चहा करतो आणि कोणत्याही अडचणीवर उंटाची एखादी गोष्ट ऐकवतो. जी फाइल कार्ल टेबलावर पाय टाकून नुसती चाळतो, ती असदने रात्री बसून पूर्ण वाचलेली असते. मग येते रोझ. पोलीस होता होता राहिलेली, तिखट जिभेची. एका पुस्तकात ती चक्क स्वतःच्या बहिणीचं सोंग घेऊन कामावर येते. हे सोंग आधी विनोदी वाटतं. त्यामागे काय आहे ते ‘सेल्फीज’ या सातव्या पुस्तकात कळतं, आणि मग आधीच्या पुस्तकांतलं हसू घशात अडकतं. शेवटी गॉर्डन, उंच, फिकट, सगळ्यांना बुजणारा.

चौघांपैकी एकालाही वरच्या मजल्यावर जागा मिळाली नसती. ही केवळ गंमत नाही. ज्या प्रकरणांवर ते काम करतात तीही अशीच खाली ढकललेली आहेत. हरवलेल्या माणसाची तक्रार आली, चार दिवस शोध झाला, काही सापडलं नाही, फाइल कपाटात गेली. मेलेला कोणी मोठा नव्हता किंवा त्याच्या मागे विचारणारं कोणी नव्हतं. टाकून दिलेली माणसं टाकून दिलेल्या फायली वाचत बसतात. एवढीच या मालिकेची यंत्रणा आहे, आणि दहा पुस्तकं ती थकत नाही.

या जातीच्या कथेचा उगम स्कँडिनेव्हियातच शोधावा लागतो. स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या आणि पोलीस कथेला समाजाचा जमाखर्च मांडायला लावलं. त्यांच्या १९७१ सालच्या एका कादंबरीत एका क्रूर पोलीस अधिकाऱ्याचा खून होतो. शोध घेता घेता कळतं की खुन्याची बायको आजारी असताना तिला दारुडी समजून कोठडीत टाकलं होतं आणि ती तिथेच मेली. त्याने रीतसर तक्रारी केल्या होत्या आणि सगळ्या रीतसर निकाली निघाल्या होत्या. आडलर-ओल्सन यांचे सूड घेणारे खुनी याच माणसाच्या वंशातले आहेत.

त्यातली सर्वांत जिवंत आहे नेटे, ‘जर्नल ६४’ या २०१० सालच्या चौथ्या कादंबरीतली. इथे थोडं थांबावं लागेल, कारण या कादंबरीचा पाया कल्पित नाही.

डेन्मार्कमधली फ्यून आणि शेलँड ही दोन मोठी बेटं ज्या सामुद्रधुनीने वेगळी होतात, तिच्या मधोमध स्प्रोगो नावाचं छोटं बेट आहे. आज त्यावरून पूल गेला आहे. १९९७ पासून आगगाड्या आणि १९९८ पासून मोटारी तिथून धावतात. १९२३ ते १९६१ या काळात या बेटावर बायकांची एक संस्था होती. तिथे पाठवलेल्या बायकांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यांना ‘नैतिकदृष्ट्या दुर्बल’ ठरवलेलं असे. कोणी लग्नाआधी गरोदर राहिलेली, कोणी पुरुषांबरोबर हिंडते म्हणून बोभाटा झालेली, कोणी नुसतीच गरीब आणि उद्धट. मुदत ठरलेली नसे. एकूण सुमारे ५०० बायका तिथे राहून गेल्या आणि त्यांतल्या अनेकींना सुटकेच्या बदल्यात नसबंदी मान्य करावी लागली. नसबंदीचा कायदा राष्ट्रीय पातळीवर करणारा डेन्मार्क हा युरोपातला पहिला देश, साल १९२९. पुढे १९६७ पर्यंत सुमारे ११,००० माणसांवर ही शस्त्रक्रिया झाली आणि त्यांत बायकांचं प्रमाण मोठं होतं. हे सगळं डॉक्टरांनी, समाजसेवकांनी, सुशिक्षित आणि सद्हेतू बाळगणाऱ्या लोकांनी, सह्या-शिक्क्यांनिशी केलं. अशा संस्थांत ठेवलेल्या लोकांची डॅनिश सरकारने जाहीर माफी मागितली ती २०२३ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर तेरा वर्षांनी.

नेटे या बेटावरून आलेली आहे. शेतावरची एक पोरकी मुलगी. एका डॉक्टरने, एका नर्सने, एका वकिलाने, स्वतःच्या नात्यातल्या माणसाने आणि बेटावरच्या एका सोबतिणीने तिचं आयुष्य टप्प्याटप्प्याने हिसकावून घेतलं. १९८७ साली ती या सगळ्यांना पत्रं पाठवते. मला बराच पैसा मिळाला आहे, त्यातला वाटा तुम्हाला द्यायचा आहे, अमुक दिवशी अमुक वाजता घरी या. कोपनहेगनच्या तळ्याकाठी तिचं घर आहे. प्रत्येकाला वेगळी वेळ दिलेली आहे, कारण पहिल्या पाहुण्याचं काम उरकून दुसऱ्यासाठी खोली आवरायला अवधी हवा. चहात घालायचा अर्क ती ज्या वनस्पतीचा काढते, ती आपल्याकडे खुरासानी ओवा म्हणून ओळखली जाते. एक खोली तिने आधीच बंदिस्त करून ठेवली आहे आणि तिथे जेवणाचं टेबल मांडून ठेवलं आहे. पाहुणे येतात, बोलतात, चहा घेतात. नेटेला मध्येच डोकेदुखीचा झटका येतो, वेळापत्रक मागेपुढे होतं, आणि वाचक घड्याळाकडे पाहू लागतो. त्या क्षणी आपण काय इच्छितो आहोत याचं भान आलं की अंगावर काटा येतो: पुढचा पाहुणा वेळेवर यावा, असं आपल्याला वाटत असतं.

इकडे तळघरात रोझच्या हाती १९८७ साली बेपत्ता झालेल्या एका बाईची फाइल लागते. बाई कुंटणखाना चालवणारी, म्हणून तिचा शोध कोणी मनावर घेतला नव्हता. रोझ हट्टाने ते प्रकरण पुढे नेते आणि लक्षात येतं की त्याच दिवसांत आणखी काही माणसं अशीच नाहीशी झाली होती. शेवट सांगणार नाही. इतकंच म्हणतो की लेखकाने तिथे वाचकाच्या सहानुभूतीचीही उलटतपासणी घेतली आहे.

नवव्या पुस्तकात, ‘नेट्रियम क्लोरिड’मध्ये (२०२१), हीच गोष्ट लेखक उलट्या बाजूने मांडतो. हे मिठाचं रासायनिक नाव. मृत्यूच्या जागी मीठ सापडतं आणि मृत्यूच्या तारखा जगातल्या हुकूमशहांच्या जन्मतारखांशी जुळतात. कित्येक वर्षं हे मृत्यू अपघात किंवा आत्महत्या म्हणून नोंदले गेले आहेत, कारण एकमेकांशी जोडून कोणी पाहिलेच नाहीत. मारले जाणारे लोक खरोखर हलकट आहेत. लबाड धंदेवाले, माणसाच्या लाजेवर पैसा कमावणारे. खुनी स्वतःला समाजाची सफाई करणारा समजतो. नेटेला निदान आपल्या शत्रूंची नावं आणि चेहरे माहीत होते. इथे मारणाऱ्यावर मरणाऱ्याने वैयक्तिक काहीही अन्याय केलेला नाही. अन्यायाचा बदला ते नीतीची राखण, हा प्रवास दोन पुस्तकांच्या मध्ये पूर्ण होतो. आणि स्प्रोगोवर बायका पाठवणारे लोकही नीतीची राखणच करत होते, हे ध्यानात आलं की चौथं आणि नववं पुस्तक एकमेकांशी बोलू लागतात.

या कादंबरीचं उत्तर तिच्या सुरुवातीच्या एका घटनेत आहे. १९८८ साली कोपनहेगनमधलं एक गॅरेज स्फोटात उडतं. आतले लोक गिऱ्हाइकांना फसवणारे होते. पण त्याच वेळी एक बाई आपली मोटार घ्यायला तिथे आली होती, आणि तिचं लहान मूल त्या स्फोटात मेलं. बत्तीस वर्षांनी त्या आईने आत्महत्या केली, म्हणून फाइल पुन्हा उघडते. त्या मुलाचा हिशेब खुन्याकडे कुठेही नाही. कार्लच्या वरिष्ठाला मात्र ती आई इतकी वर्षं आठवत राहिली. माझ्या मते कायदा हातात घेणाऱ्याविरुद्ध या मालिकेने दिलेला पुरावा हा आहे. त्यात उपदेश नाही, कायद्याची थोरवी नाही. एका मुलाचं नाव एका बाजूच्या वहीत आहे आणि दुसऱ्या बाजूच्या वहीत नाही, एवढंच.

मराठी वाचकाला कायद्याबाहेरचा न्यायदाता नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड वाचत दोन-तीन पिढ्या वाढल्या. सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद पुढच्या पिढीने डोक्यावर घेतला. दुष्टांना पोलिसांच्या आधी गाठणारा, ज्याच्या सचोटीविषयी शंका घ्यायचं कारण नाही असा नायक, ही आपली आवडती मूर्ती. त्या पुस्तकांनी वाचनाची गोडी लावली आणि त्यांचं ऋण मी मानतो. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असे: न्याय करणारा कधी चुकत नाही.

वास्तवात हे गृहीत किती अवघड होऊन बसतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगर वस्तीतल्या बायकांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार मारलं. त्याने वर्षानुवर्षं वस्तीला छळलं होतं, बलात्कार केले होते, आणि पोलीस आमची तक्रारच घेत नाहीत असं त्या बायका सांगत होत्या. दहा वर्षांनी पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. त्या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. त्या दिवशी न्याय झाला, असंही मला म्हणता येत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी मनात धरून ठेवायची ताकद फार थोड्या रहस्यकथांत असते. आडलर-ओल्सन यांच्या चांगल्या पुस्तकांत ती आहे, म्हणून मला ती मराठी वाचकापर्यंत पोचवावीशी वाटतात.

लेखकाला हे कुठून सुचलं असेल, याचं उत्तर त्यांनी मुलाखतींतून दिलं आहे. १९५० साली कोपनहेगनमध्ये जन्मलेले आडलर-ओल्सन मनोविकार रुग्णालयांच्या आवारात वाढले, कारण वडील मनोविकारतज्ज्ञ होते. तिथल्या एका रुग्णाशी लहानपणी त्यांचा स्नेह जमला. सौम्य, प्रेमळ गृहस्थ. त्याने बायकोचा खून केलेला होता. एकाच माणसात दोन्ही कसं राहू शकतं, हा प्रश्न त्या मुलाच्या मनात तेव्हा बसला. त्या रुग्णाचं आडनाव त्यांनी आपल्या नायकाला दिलं आणि त्याच्यापुढे स्वतःच्या लांबलचक नावातला पहिला शब्द ठेवला, कार्ल. म्हणजे या मालिकेचा तपासनीस नावापासूनच अर्धा लेखक आणि अर्धा खुनी आहे. तपास करणारा आणि ज्याचा तपास होतो तो, यांच्यात रक्ताचं अंतर नाही; अंतर आहे ते फक्त कामाच्या पद्धतीचं. सूड घेणारा एकदा निकाल देतो आणि त्यावर अपील नसतं. कार्ल आणि असद रोज चुकतात, चुकीच्या माणसाच्या दारात जाऊन उभे राहतात, माघार घेतात, फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतात.

पुस्तकं निर्दोष नाहीत. योगायोग जास्त आहेत. ‘जर्नल ६४’मधला कुर्ट वाड हा वंशशुद्धीवाला डॉक्टर इतका काळाकुट्ट रंगवला आहे की त्याच्यासारखी माणसं प्रत्यक्षात किती सभ्य दिसत असतील ही भीती कमी होते. स्प्रोगोचा खरा इतिहास त्याच्याहून भयंकर वाटतो, कारण त्यात राक्षस कोणी नाही. असदच्या अंगी कधीकधी जरा जास्तच पराक्रम येतो. पाचवं आणि सहावं पुस्तक रेंगाळतं. तिथे कंटाळा आला तर तो वाचकाचा दोष नाही. उलट तिसरं पुस्तक, समुद्रात सापडलेल्या बाटलीतल्या चिठ्ठीपासून सुरू होणारं, बांधणीच्या दृष्टीने सर्वांत पक्कं आहे. त्याला २०१० साली सर्वोत्कृष्ट नॉर्डिक रहस्यकथेसाठीचा ग्लास की पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता.

वाचकाला एक विनंती. ‘जर्नल ६४’चा विषय कितीही ओढत असला, तरी सुरुवात पहिल्या पुस्तकापासूनच करावी, जहाजावरून नाहीशा झालेल्या तरुण राजकारणी बाईची ती कथा आहे. प्रत्येक पुस्तकातलं प्रकरण त्याच पुस्तकात संपतं, पण आमागेरच्या गोळीबाराचा धागा दहाही पुस्तकांतून जातो. असद खरा कोण हे आठव्या पुस्तकात कळतं. दहाव्या पुस्तकाचं नावच तुरुंगातल्या कोठडीच्या क्षेत्रफळावरून ठेवलेलं आहे, सात चौरस मीटर, आणि त्या कोठडीत आरोपी म्हणून बसलेला माणूस कार्ल मोर्क आहे.